मध्ये बोलायचं नाही

स्तोत्र म्हणताना मध्ये बोलायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. तो मला माझ्या वडिलांनी घालून दिला, मी माझ्या मुलीला घालून दिला, आणि मागच्या उन्हाळ्यात नातीलाही देऊन बसलो. त्या नियमाने काय केलं, ते मला आठ-नऊ महिन्यांपूर्वी कळलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे. एरवी मला लिहायची हौस नाही. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यात फळ्यावर लिहिलं तेवढं पुरे झालं.

वडिलांनी मला हे स्तोत्र शिकवलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. कसब्यात आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत कोनाड्यात देव, आणि त्यांच्यासमोर पाटावर वडील. मला डाव्या हाताला बसवत, कारण टिचकी मारायला उजवा हात सोयीचा पडे. एखादा शब्द घसरला की मांडीवर टिचकी बसायची. रागाने नाही. रागावणं त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. सहा महिन्यांत माझं स्तोत्र पाठ झालं आणि मांडी निबर झाली.

संकट आलं की घरात एकवीस आवर्तनं व्हायची. त्यासाठी एका वाटीत एकवीस चिंचोके असत. एक आवर्तन झालं की एक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. स्तोत्राच्या शेवटी काही ओळी असतात, हे म्हटल्याने काय फळ मिळतं ते सांगणाऱ्या. त्यांना फलश्रुती म्हणतात. ती वीस वेळा गाळायची आणि एकविसाव्याला म्हणायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. बोललात तर झालेली आवर्तनं गेली. वाटी पुन्हा भरायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

वडील हा नियम कसा पाळत ते बघण्यासारखं होतं. स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागलं की ते आवर्तन न थांबवता ‘हूं! हूं!’ असा हुंकार काढत आणि तर्जनीने आतली दिशा दाखवत. आई धावत जाऊन स्टोव्ह बंद करी. दारात पोस्टमन आला तर वेगळा हुंकार, आम्ही भावंडं भांडलो तर आणखी वेगळा. पुढे माझं लग्न झालं, आम्ही बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा मीही याच भाषेत बोलू लागलो. बायको चेष्टा करायची. “देवाशी एवढं शुद्ध संस्कृत, आणि माझ्या वाट्याला हूं हूं. बरं आहे.” फोन वाजला की मी हुंकार द्यायचो, ती हात पुसत यायची आणि फोन घ्यायची. “पूजेला बसलेत, अर्ध्या तासाने करा,” असं सांगायची.

हे मी मुद्दाम इतकं सांगतो आहे. मध्ये बोलायचं नाही हा नियम पाळायला घरात दुसरं माणूस लागतं. वडिलांच्या घरी आई होती, माझ्या घरी बायको होती. दूध, पोस्टमन, फोन, सगळं त्या बघत होत्या म्हणून आमची एकाग्रता शाबूत होती. ही साधी गोष्ट कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

मुलीला मी सहाव्या वर्षीच शिकवायला बसवलं. मी टिचकी मारत नव्हतो, याचा मला अभिमान होता. मी नुसता थांबायचो आणि तिच्याकडे बघायचो. ती चूक शोधायची, सापडली की पुन्हा म्हणायची. तिचा आवाज लहान आणि स्वच्छ होता. पाहुण्यांसमोर मी तिला म्हणायला लावायचो, आणि पाहुणे “वा, संस्कार आहेत हो” असं म्हणाले की मला बरं वाटायचं. माझी श्रद्धा देवावर होती की वडिलांवर, हे मला आजही सांगता येत नाही. पण वडिलांकडून आलेली एक वस्तू मी पुढे दिली, न फोडता, न सांडता, असं समाधान नक्की होतं.

ती अकरा वर्षांची असताना तिची आई आजारी पडली. पोटात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, आणि चौथ्या दिवशी ताप चढला तो उतरेचना. मी शाळेतून रजा घेतली. सकाळी डबा घेऊन हॉस्पिटलमध्ये जायचो तो रात्री आठला परत यायचो. मुलीला बारा वर्षांखालची म्हणून वॉर्डात सोडत नव्हते. ती शाळेतून आली की शेजारच्या काकू तिला खायला द्यायच्या, आणि मग मी येईपर्यंत ती घरात एकटी असायची.

ताप उतरेना तेव्हा मी तिच्यासमोर चिंचोक्यांची वाटी ठेवली. म्हटलं, “रोज संध्याकाळी सहाला बसायचं. एकवीस. मी तिकडे आईपाशी असेन, मला जमणार नाही. तू कर. लहान मुलांचं देव आधी ऐकतो.” तिने विचारलं, “म्हणजे आई बरी होईल?” मी म्हणालो, “नीट म्हटलंस तर होईल.”

नीट हा शब्द मी वापरला. शिक्षकाच्या तोंडात तो बसलेलाच असतो, गृहपाठ नीट, वही नीट. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला काहीतरी काम मिळेल, रडत बसणार नाही, असाही विचार होता. पण खरं सांगायचं तर मला तिच्याकडून ते हवंच होतं. मी डॉक्टरांपुढे हात जोडत होतो, औषधं आणत होतो, आणि माझ्या मागे घरात कुणीतरी देवाला धरून बसलं आहे, या विचाराने मला पायऱ्या चढायला बळ येत होतं.

सहा दिवस ती बसली. रोज आठला मी दार उघडून आत आलो की पहिला प्रश्न, “एकवीस झाली?” ती म्हणायची, “झाली.” “मध्ये उठली नाहीस ना?” “नाही.” मग आम्ही काकूंनी दिलेलं जेवायचो.

सातव्या दिवशी संध्याकाळी बायकोला जरा बरं वाटलं. ताप उतरला होता. तिने मोसंबीचा रस घेतला, केस विंचरून घेतले आणि म्हणाली, “पोरीशी बोलायचंय.” तिच्या भावाने नुकताच मोबाइल घेतला होता. त्याने घरचा नंबर लावून फोन तिच्या कानाला धरला. ती ऐकत राहिली. पलीकडे घंटी वाजत होती, मला शेजारी बसून ऐकू येत होती. वाजून वाजून बंद झाली. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, पुन्हा तेच. बायकोने फोन परत दिला. “खेळायला गेली असेल. खेळू दे. उद्या लावू.”

मला पोरीचा राग आला. सात वाजत आले होते. ही वेळ स्तोत्राची. घरात असती तर फोन उचलला असता, कारण फोन देव्हाऱ्यापासून चार हातांवर होता. म्हणजे ही खाली सोसायटीत लगोरी खेळते आहे आणि मला रोज ‘झाली, झाली’ म्हणून सांगते आहे. त्या दिवशी घरी आल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “झाली.” मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो, चूक शोधायला लावताना बघायचो तसा. तिने मान खाली घातली. मला वाटलं, चोरी पकडली गेली आहे हे तिला समजलं. फोनबद्दल मी काही बोललो नाही. आईला उद्या बरं वाटलं की तिच्याकडूनच कान उपटून घेऊ, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची शुद्ध हरपली आणि दुपारी ती गेली.

लोक म्हणतात दुःखात माणूस मऊ होतो. मी झालो नाही. मी सगळे विधी चोख केले, गुरुजींचा एक मंत्र चुकला तो दुरुस्तही केला. आणि मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एक हिशेब मांडून बसलो. एकवीस झाली नाहीत. सात दिवस नीट झाली असती तर. मी हे कधी उघड बोललो नाही. इतकं अडाणी बोलण्याची मला लाज वाटली असती. पण तेराव्याला माझी बहीण विचारत होती, शेवटी काही बोलली का, कुणाची आठवण काढली का. तेव्हा मी म्हणालो, “आदल्या दिवशी लेकीला फोन लावला होता, दोनदा. पण ही खेळायला गेली होती.” मुलगी तिथेच होती. पाहुण्यांना पाणी देत होती. तिने ग्लासांचा ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. बहीण म्हणाली, “अरे, तिच्यासमोर कशाला बोललास?” मी म्हणालो, “खरं तेच बोललो.”

त्यानंतर मुलगी देवासमोर बसली नाही. आधी शाळेचं कारण झालं, मग दहावीचं, मग क्लासचं. मी दोन-तीनदा टोकलं, मग सोडून दिलं. शहाण्या घरांतली मुलं या वयात देव सोडतात, मोठी झाली की परत येतात, अशी मी समजूत करून घेतली. ती परत आली नाही. इंजिनियर झाली, नोकरीला लागली, रजिस्टर लग्न केलं, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. जाताना फ्लॅटची किल्ली मला परत दिली. म्हटलं, “राहू दे की तुझ्याकडे.” म्हणाली, “बेल वाजवून येईन ना, बाबा. तुम्ही असताच.” तिच्या घरात सगळं आहे, देव्हारा नाही. मी एकदा गणपतीची लहानशी पितळी मूर्ती नेऊन दिली, ती टीव्हीशेजारी शोभेची म्हणून उभी आहे. नात झाली तेव्हा तिने मला एकच अट घातली. “बाबा, तिला हवं ते शिकवा. नकाशे शिकवा, पाढे शिकवा. देवाचं काही नको. प्लीज.” मी म्हणालो, “बरं. मग पत्ते शिकवतो. तीन पत्ती चालेल?” ती हसली नाही.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ वर्षांची नात रोज माझ्याकडे असे. जावई दोन महिने परगावी होते, मुलीचं ऑफिस. सकाळी नऊला मुलगी तिला सोडायची, संध्याकाळी साडेसातला न्यायला यायची. मी नातीला नकाशे शिकवले. एकदा कात्रजला साप बघायला नेलं, येताना सुगंधी दूध पाजलं. मग एके सकाळी मी पूजेला बसलो होतो आणि ती माझ्या डाव्या हाताला येऊन बसली. आपण होऊन. मी काही बोलावलं नव्हतं. “आजोबा, हे किती लाँग आहे! तुम्हाला सगळं बाय हार्ट येतं?” मी म्हणालो, “येतं. तुलाही येईल.”

मला थांबता आलं असतं. पण तिचा आवाज ऐकला आणि मी सगळं विसरलो. तोच आवाज, लहान आणि स्वच्छ. मला वाटलं, मुलीकडून जे निसटलं ते हिच्या हाती देऊन जावं, मग माझं काम झालं. दीड महिन्यात नातीचं सगळं पाठ झालं. मी तिला चिंचोके दाखवले, वाट्या दाखवल्या, नियम सांगितला. आणि वर सांगितलं, “आईला इतक्यात सांगू नकोस. तिच्या वाढदिवसाला म्हणून दाखव. सरप्राइज.” देवाचं स्तोत्र चोरून शिकवावं लागतं आहे, याची मला तेव्हा गंमतच वाटली.

सुट्टी संपायला आठवडा राहिला होता. संध्याकाळी साडेपाचला मी नातीला पाटावर बसवलं. म्हटलं, “आज पाच आवर्तनं कर. मी खालून दूध आणि पाव घेऊन येतो. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही.” ती म्हणाली, “माहितीये हो आजोबा.” मी लॅच ओढून खाली गेलो. मोबाइल टेबलावर राहिला. दुकानात शाळेतले एक जुने सहकारी भेटले, त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकीकत ऐकावी लागली. दहा मिनिटांचं काम पंचवीस मिनिटांवर गेलं.

जिना चढून वर आलो तर मुलगी दारात उभी होती. त्या दिवशी तिचं काम लवकर आटपलं होतं. तिचं एक बोट बेलवर होतं, दुसऱ्या हातात मोबाइल. ती मला फोन लावत होती आणि तो आत टेबलावर वाजत होता. बेल वाजत होती, फोन वाजत होता, आणि त्या सगळ्याच्या वर नातीचा आवाज येत होता. स्तोत्र म्हणत होती, मोठ्याने, एकही शब्द न चुकता. मुलीने वळून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मी म्हणालो, “अगं, आहे ती आत, घाबरू नकोस.” ती म्हणाली, “दार उघडा.”

मी दार उघडलं. नात पाटावर डोळे मिटून बसली होती. मुलगी चपलांसकट आत गेली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. “आई आलीय. डोळे उघड. बोल माझ्याशी.” नातीने डोळे उघडले, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हाताचा पंजा वर करून म्हणाली, “हूं.” तो माझा हुंकार होता. दारात कुणी आलं की द्यायचा. मी तिला तो कधी शिकवला नव्हता.

“बोल माझ्याशी,” मुलगी पुन्हा म्हणाली. नात पुटपुटत राहिली, आईकडे न बघता. तेव्हा मुलीने तिच्या मुठीतला चिंचोका काढून घेतला. त्याबरोबर पोर रडायला लागली. “काय केलंस तू मम्मा! चार झाले होते! आता पहिल्यापासून म्हणावं लागेल!”

मुलीने तिला जवळ घेतलं. बराच वेळ नुसती धरून बसली होती. मग तिला आतल्या खोलीत मोबाइलवर कार्टून लावून दिलं, आणि स्वयंपाकघरात आली. मी दूध तापत ठेवलं होतं. हातांना काहीतरी काम हवं होतं. मी म्हणालो, “माझं चुकलं. तुला सांगायला हवं होतं.” वाटलं, आता भांडेल. भांडण मला चाललं असतं, त्यात मी तरबेज आहे.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, “त्या दिवशी मी घरातच होते, बाबा.”

मला कळेना. “कुठल्या दिवशी?”

“आईने फोन केला त्या दिवशी. पहिल्यांदा वाजला तेव्हा माझं नववं चालू होतं. थांबला. परत वाजला तेव्हा दहावं. उठले असते तर पहिल्यापासून म्हणावं लागलं असतं, आणि तुम्ही यायच्या आत एकवीस झाली नसती.” ती अगदी सरळ आवाजात बोलत होती. “रिंग ऐकू येऊ नये म्हणून मी जोरात म्हणायला लागले. मला वाटलं, कुणाचा तरी असेल. नंतर करतील.”

दूध वर आलं. मी गॅस बंद केला.

“फोन आईचा होता हे मला तेराव्याला कळलं. तुम्ही आत्याला सांगत होतात तेव्हा.”

मी म्हणालो, “मग तेव्हाच का नाही बोललीस? तू खेळायला गेली होतीस असं मी म्हणालो, तू एका शब्दाने...”

“काय सांगणार होते? घरात होते, फोनशेजारी बसले होते आणि उचलला नाही, असं? खेळायला गेले होते हेच बरं वाटलं मला. खेळायला गेलेल्या मुलीचं काही चुकलेलं नसतं.”

चोवीस वर्षं मी मनाच्या कोपऱ्यात धरून बसलो होतो की हिने आवर्तनं केली नाहीत. आणि तिने ती केली होती. सातही दिवस, सगळी, एकही न चुकवता. मी सांगितलं होतं तसं नीट.

“तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत, बाबा.”

“काय?”

“कुठे होतीस ते. तुम्ही त्या दिवशी आलात आणि विचारलंत, एकवीस झाली का.”

मी दुधावर झाकण ठेवलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, “आई काय म्हणाली? मी उचलला नाही तेव्हा?” हा प्रश्न तिने इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता, आणि मीही आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, “म्हणाली, खेळायला गेली असेल. खेळू दे.”

“हसली का?”

“हो,” मी म्हणालो. “हसली.”

ती हसली होती की नाही, मला खरंच आठवत नाही. मी तेव्हा तिच्याकडे बघत नव्हतो. रागावून घड्याळाकडे बघत होतो.

मुलीने नळाखाली तोंड धुतलं, नातीची पिशवी भरली, चिंचोके गोळा करून वाटीत ठेवले. एक कपाटाखाली गेला होता, तो वाकून काढला आणि तोही वाटीत टाकला. जाताना माझ्या दंडावर क्षणभर हात ठेवला. म्हणाली, “दूध पिऊन घ्या. साय येईल.”

सुट्टीचा राहिलेला आठवडा नात आली नाही. नंतर शाळा सुरू झाली, आणि शाळेनंतर तिला एका पाळणाघरात ठेवतात. मुलगी रविवारी फोन करते, तब्येत विचारते, महिन्यातून एकदा दोघी येतात. भांडण नाही. नात आली की आम्ही नकाशे बघतो. एकदा तिने हळूच विचारलं, “आजोबा, मी ते विसरले तर चालेल का?” मी म्हणालो, “चालेल.” ती लगेच म्हणाली, “थोडं थोडं विसरलेच आहे.” मी म्हणालो, “छान.” ते म्हणताना आतून किती तुटलं, ते मलाच माहीत. आमच्या वडिलांपासून आलेलं माझ्याबरोबर संपणार, आणि संपावं असं मीच म्हणालो.

देव मी सोडले नाहीत. इतक्या वर्षांची सवय, आणि सोडून जायचं कुठे? अजून संध्याकाळी सहाला पाटावर बसतो. एकवीस आवर्तनं आता होत नाहीत, श्वास पुरत नाही. एकदाच म्हणतो. फलश्रुती म्हणत नाही. फळ मागायचं तर कशाचं, ते सुचत नाही. वाट्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या आहेत.

एक बदल केला आहे. पूर्वी पूजेला बसताना मी मोबाइल बंद करून आत ठेवायचो. आता तो चालू करून, आवाज मोठा ठेवून, पाटाशेजारी उजव्या हाताला ठेवतो. मुलीचा फोन आला तर कुठलाही शब्द अर्धा टाकून तो लगेच उचलायचा, असं ठरवलं आहे. स्तोत्र म्हणताना अर्धं लक्ष तिकडेच असतं, त्यामुळे मधल्या ओळी हल्ली चुकतात, आणि टिचकी मारायला कुणी नाही. मुलगी मात्र माझी सहाची वेळ लहानपणापासून ओळखते. ती फोन नेहमी सातनंतरच करते.